तीर्थाचा धनी कोण?

नदी मळली, तर तो दोष कोणाचा, हा प्रश्न आता वारीच्या वाटेवर दर वर्षी निघतो. आळंदीच्या घाटावर पांढरा फेस तरंगताना दिसला की जो तो बोट दाखवतो. कोणी कारखान्याकडे, कोणी महानगरपालिकेकडे, तर कोणी थेट मंत्र्यांकडे. ही बोटे खोटी आहेत असे नाही. पण बोट दाखवून झाले म्हणजे विचार संपला, असे आपण समजतो ते मात्र खरे नव्हे. जुन्या शास्त्रकारांची विचार करण्याची एक शिस्त आहे. आधी विषय मांडावा, मग संशय सांगावा, मग पूर्वपक्षाला पूर्ण बोलू द्यावे आणि शेवटी निर्णय करावा. त्या शिस्तीने हा प्रश्न सोडवून पाहू. विषय एवढाच की, नदीचा धनी कोण, आणि ती मळली तर पाप कोणाच्या पदरी पडते?

प्रथम वस्तुस्थिती पाहू. इंद्रायणी लोणावळ्याजवळ सह्याद्रीत उगम पावते आणि देहू व आळंदी करून तुळापूरला भीमेस मिळते. पुढे पिंपरी-चिंचवड व पुणे शहरांतून आलेली मुळा-मुठाही भीमेतच येते. हे सारे पाणी उजनीच्या धरणात साठते. तेथून सुटलेली भीमा नीरा नरसिंहपूरला नीरेला भेटते आणि पंढरपुरी येते. तेथे ती चंद्रकोरीसारखी वळते म्हणून आपण तिला चंद्रभागा म्हणतो. म्हणजे काय झाले, पाहा! माउलींची पालखी दिवेघाट चढून जाते, तुकोबारायांची पालखी लोणी-यवतवरून जाते, आणि इंद्रायणी तिसऱ्या वाटेने जाते. मुक्कामाचे गाव तिघांचे एकच. आळंदीला पाण्यात जे टाकले, ते धरणात थोडेबहुत बसेल, थोडेबहुत विरेल; पण त्याचे तोंड पांडुरंगाच्या पायांकडेच आहे. जिच्या काठी ज्ञानोबारायांनी १२९६ साली समाधी घेतली आणि जिने तुकोबांच्या वह्या तेरा दिवसांनी कोरड्या परत दिल्या असे आपण पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलो, तिच्या हाती आपण पांडुरंगाला काय पाठवतो?

फेस कशाने होतो, हेही समजून घ्यावे; नाही तर काही भोळे लोक त्यालाही चमत्कार म्हणतील. घरोघरच्या सांडपाण्यात कपडे-भांडी धुण्याच्या पावडरींचा अंश असतो आणि कारखान्यांच्या पाण्यात रसायने असतात. ही द्रव्ये न काढता पाणी नदीत सोडले म्हणजे पाण्याच्या पृष्ठभागाचा ताण कमी होतो. असे पाणी बंधाऱ्यावरून कोसळले की त्यात हवा घुसळली जाते आणि फेसाचे थर उठतात. कार्तिकी यात्रेच्या दिवसांतसुद्धा हे थर अलीकडच्या वर्षांत वारंवार दिसले आहेत. जलपर्णी माजते तीही मैल्यातील सत्त्वावर. स्नानाचे पाणी कसे असावे, याचे सरकारनेच ठरवलेले माप आहे. एक लिटर पाण्यातील सेंद्रिय घाण कुजताना जो प्राणवायू खर्च होतो तो ३ मिलिग्रॅमच्या वर नसावा, पाण्यात विरघळलेला प्राणवायू ५ मिलिग्रॅमच्या खाली नसावा, आणि शंभर मिलिलिटरमध्ये मलातील जंतू ५०० च्या आत असावेत, फार झाले तर २५००. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२२ साली देशातील दूषित नदीपट्ट्यांची यादी काढली. त्या ३११ पट्ट्यांपैकी ५५ एकट्या महाराष्ट्रातले. इतर कोणत्याही राज्यापेक्षा हा आकडा मोठा. संतांची भूमी म्हणून आपण मिरवतो, तर हा पहिला नंबर कोणाच्या नावावर मांडायचा?

आता पहिला पूर्वपक्ष ऐका. पूर्वपक्षी म्हणतो, “अहो, नदी सरकारची. राज्यघटनेने पाणी हा विषय राज्यांच्या यादीत घातला आहे. धरणाचे दार उघडायचे की लावायचे, हे सरकार ठरवते. १९७६ च्या पाटबंधारे कायद्याने नदीच्या पाण्याचे नियमन शासनाच्या हाती आहे. २००५ साली जलसंपत्तीचे नियमन करण्यास निराळे प्राधिकरण झाले. पाणी दूषित होऊ नये म्हणून महाराष्ट्राने १९६९ मध्येच स्वतःचा कायदा केला आणि १९७० साली मंडळ नेमले. केंद्राचा कायदा तर त्यानंतर, १९७४ साली आला. १९८८ च्या दुरुस्तीने तर दोषी कारखाना बंद करण्याचा, त्याची वीज व पाणी तोडण्याचाही अधिकार मंडळास मिळाला. ज्याच्या हाती किल्ली, त्याच्याकडे जाब. आम्ही गरीब वारकरी, आम्ही टाळ वाजवावा.”

यातील अर्धे बरोबर आहे. ज्याच्या हाती अधिकार, त्यास जाब विचारलाच पाहिजे. परंतु “नदी सरकारची” हे शब्द शास्त्राच्या कसोटीस उतरत नाहीत. जैमिनींच्या मीमांसेत या प्रश्नाचा फार जुना निवाडा आहे. विश्वजित् नावाच्या यागात यजमानाने आपले सर्वस्व दान करावयाचे असते. तेथे शंका निघाली की, यजमान राजा असेल तर त्याने राज्यातील पृथ्वीही दान करावी काय? उत्तर मिळाले, नाही. कारण पृथ्वी सर्वांना सारखीच. घराचा, शेताचा धनी निराळा असू शकेल. पण समग्र भूमी ही राजाची मिळकत नव्हे. तिच्यावर चालणाऱ्या, पिकवणाऱ्या, जगणाऱ्या सर्व प्राण्यांची ती आहे. राजाचे राजेपण रक्षणात आहे, मालकीत नाही. जे स्वतःचेच नाही, ते देणार कसे?

सज्जनहो, हा निवाडा ज्या न्यायाने भूमीला लागतो त्याच न्यायाने नदीलाही लागतो. आणि गंमत पाहा, १९९६ च्या डिसेंबरात हिमाचल प्रदेशातील बियास नदीच्या प्रकरणात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने हाच विचार निराळ्या शब्दांत मांडला. नदी, समुद्रकिनारा, वन, हवा ही जनतेची ठेव आहे आणि सरकार तिचे विश्वस्त आहे, असे न्यायालयाने सांगितले. विश्वस्त म्हणजे काय, हे देवस्थानच्या भक्तांना समजावून सांगायला नको. देवाच्या दागिन्यांची किल्ली विश्वस्ताकडे असते. म्हणून दागिने त्याचे होत नाहीत. ते त्याच्या देखरेखीत झिजले, हरवले, तर त्यास उत्तर द्यावे लागते. कौटिल्यानेही पुण्यस्थान, पाणवठा, देवालय आणि राजवाडा या जागी घाण करणारास चढत्या क्रमाने दंड सांगितला आहे. तेव्हा राज्यसत्तेने पाण्याचे रक्षण करावे हे काही इंग्रजी राज्यातून आलेले नवे खूळ नव्हे. तो राजधर्मच आहे.

मग हा राजधर्म कोठे अडतो? तो अडतो वाटण्यांत. इंद्रायणीच्या एका काठावर महानगरपालिका, दुसऱ्या काठावर प्रदेश विकास प्राधिकरण. वर लोणावळा-तळेगावच्या नगरपरिषदा, मध्ये ग्रामपंचायती, खाली आळंदीची नगरपरिषद. पाणी सोडणारे खाते निराळे, पाणी तपासणारे मंडळ निराळे, नाला ज्याच्या हद्दीतून येतो तो निराळा. या काठाचा अधिकारी म्हणतो, घाण त्या काठाची. त्या काठाचा म्हणतो, ती वरून आली. नदी मात्र एकच आहे. तिला हद्द कळत नाही. २०१६ साली ‘नमामि चंद्रभागा’ या नावाने योजना जाहीर झाली. नाव ऐकून कोणाही वारकऱ्याचे हात जुळावेत. पण नमन करणे आणि नाला अडवणे ही दोन कामे आहेत. पहिले एका सभेत होते. दुसऱ्याला वर्षे, पैसा आणि रोजची देखरेख लागते. मैला शुद्ध करण्याचे यंत्र बसवले म्हणजे झाले नाही. ते रोज चालले पाहिजे, त्याला वीज मिळाली पाहिजे, आणि शहर वाढले की यंत्रही वाढले पाहिजे.

येथेच आणखी एक गोष्ट सांगून टाकतो. वारीच्या आधी नदीत पाणी कमी असले म्हणजे धरणातून पाणी सोडा अशी आपण मागणी करतो, आणि सरकार ते सोडतेही. भक्तांना स्नान घडावे म्हणून ते योग्य आहे. पण सोडलेल्या पाण्याने घाण पुढे जाते. नाहीशी होत नाही. चंद्रभागा पंढरपुरी संपते असे आपल्याला वाटते. ती तर तशीच कर्नाटकात जाते, आणि भीमा-अमरजा संगमावर गाणगापूरला दत्तप्रभूंचे भक्त त्याच पाण्यात स्नान करतात. पुढे ती कृष्णेस मिळते. कृष्णेच्या पाण्यासाठी राज्ये भांडली, लवाद बसला. १९७६ साली अखेरचा निवाडा होऊन महाराष्ट्रास ५६०, कर्नाटकास ७०० आणि आंध्रास ८०० टीएमसी पाणी मिळाले. पाण्याचा एकेक थेंब मोजून घेतला. त्याबरोबर आपण खाली जो मळ पाठवतो त्याचा हिशेब कोणी केला काय? आमच्या माथ्यावरची घाण गाणगापूरच्या भक्ताच्या ओंजळीत टाकून आमचे स्नान पवित्र झाले, असे कोणत्या शास्त्राने म्हणावे?

दुसरा पूर्वपक्ष आपल्याच घरातला आहे, म्हणून तो अधिक जपून तपासावा लागतो. तो म्हणतो, “तीर्थ कधी मळत नाही. चंद्रभागा ही पतितांना पावन करणारी. तिला कोण अपवित्र करणार? भाव असला म्हणजे झाले.” ऐकायला हे गोड वाटते. परंतु पावित्र्य आणि स्वच्छता या दोन निराळ्या वस्तू आहेत. पावित्र्य तीर्थाच्या अंगचे आहे, ते आपल्याने जाणार नाही, हे कबूल. पण स्वच्छता ही आपण करावयाची सेवा आहे. देव मळत नाही, म्हणून पांडुरंगाला स्नान घालणे कोणी थांबवले आहे काय? पहाटे काकडा होतो, पंचामृत होते, अंग पुसतात, नवी वस्त्रे नेसवतात. जो निर्मळ आहे त्याच्याच सेवेत निर्मळपणा राखायचा असतो. आई कितीही मळकट लुगडे नेसली तरी आईच असते, पण तिला तसेच ठेवणारा मुलगा मातृभक्त ठरत नाही. आणि भावाचे म्हणाल, तर भावाला पोटात गेलेला जंतू ओळखत नाही. त्या पाण्याने म्हाताऱ्या माउलीला अतिसार होतो, तान्ह्या लेकराच्या अंगाला खाज सुटते. तैत्तिरीय आरण्यकात पाण्यात मलमूत्र करू नये, त्यात थुंकू नये, असे व्रत म्हणून सांगितले आहे. तीर्थ मळतच नसते, तर ऋषींना हे सांगण्याची गरज काय होती?

संतांनी बाहेरच्या स्नानापेक्षा आतल्या शुद्धीला मोठे मानले, हेही काही जण पुढे करतात. परंतु संतांचा रोख नुसत्या बुडीने तरून जाऊ असे मानणाऱ्यांवर होता; पाणी घाण ठेवा, असा त्याचा अर्थ कोणी काढू नये. नाथांची कथा आठवा. रामेश्वरासाठी आणलेली गंगेची कावड त्यांनी वाटेत तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखी ओतली आणि रामेश्वर येथेच पावला असे मानले. पाणी हे आधी जिवासाठी आहे, मग विधीसाठी, हाच त्या कथेचा गाभा. आज त्या गाढवाला काठावर नेले, तर कावडीतले पाणी पाजण्याची हिंमत आपल्याला होईल काय? आणि कालपरवाचे उदाहरण गाडगेबाबांचे. १९५६ साली त्यांनी देह ठेवला. रात्री कीर्तन करणारा हा पुरुष दिवसा हातात खराटा घेऊन गावे झाडीत असे. खराट्यावाचून कीर्तन पुरे होत नाही, हा त्यांचा सिद्धांत होता.

तिसरा पूर्वपक्ष सर्वांत फसवा आहे. तो म्हणतो, “माझ्या एकट्याच्या एका पत्रावळीने, एका साबणाच्या वडीने काय होते? लाखो लोक करतात, त्यात माझा वाटा तो किती?” लाखांनी भागले की पाप शून्याजवळ येते, असे हे गणित आहे. ते कसे चुकते, हे वाल्याच्या कथेत आहे. वाटमारी करून त्याने कुटुंब पोसले. नारदांनी विचारले, या पापात तुझी बायको, तुझी मुले वाटेकरी आहेत काय? तो घरी गेला, आणि घरच्यांनी एकमुखाने नाही म्हटले. धनात सगळे वाटेकरी झाले, पापात कोणी झाला नाही. त्याचे पाप चार जणांत वाटले गेले नाही. ते अख्खेच्या अख्खे त्याच्याकडे परत आले. आपले गणित याच्या उलट चालते. पुण्य मात्र प्रत्येकाला पुरे हवे. एकादशीचे पुण्य लाखांनी भागून घ्यायला कोणी तयार आहे का? मग दोष तेवढा भागून घ्यायचा, हा कोणता न्याय?

आणि हा दोष कोणाला भोवला, ते विसरता कामा नये. आषाढी आटोपून आपण पंढरी सोडायचो, तेव्हा वाळवंटात व गल्लीबोळांत जो मैला मागे राही, तो कित्येक वर्षे माणसांनी हातांनी उचलला. २०१३ साली माणसाकडून मैला साफ करून घेण्यास बंदी करणारा नवा कायदा झाला. पंढरपूरचा हा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयापुढे गेला, आणि न्यायालयाच्या आदेशांनी वाळवंटात तंबू-राहुट्या टाकून राहण्यास बंदी आली. नदीपलीकडे ६५ एकर जागेत मुक्कामाची सोय झाली, वाटेवर फिरती शौचालये आली. त्या वेळी परंपरा मोडली म्हणून पुष्कळांना वाईट वाटले. पण परंपरेत चोखोबाराय आहेत, हे ज्याला आठवते त्याला वाईट वाटू नये. आम्ही पुण्य बांधून घरी न्यायचे आणि आमची घाण उचलणाराने तीर्थाच्या काठी नरक भोगायचा, ही कोणत्या संताची परंपरा? न्यायालयाने जे हुकुमाने करवले, ते आपण आपल्या हरिपाठातून शिकून आधीच करायला हवे होते.

आता पोटाचा प्रश्न. कोणी म्हणेल, “महाराज, त्या कारखान्यांत आमचीच पोरे कामाला आहेत. कारखाने बंद पाडता काय?” मुळीच नाही. पोटाला अन्न नसेल तर भजन कोठून होणार? पण नदीत घाण सोडून जो खर्च वाचतो, तो खरे पाहता वाचत नाही. तो खाली राहणाऱ्यांच्या औषधाच्या चिठ्ठीत, शेतकऱ्याच्या नासलेल्या विहिरीत, मासे धरणाऱ्याच्या रिकाम्या जाळ्यात भरला जातो. पाणी शुद्ध करून सोडण्याचा खर्च हा मालाच्या किमतीचाच भाग आहे. तो चुकवणे ही चोरी होय, मग हिशेबाच्या वहीत तिला कोणतेही नाव द्या. या संदर्भात एक अवघड गोष्टही बोललीच पाहिजे. असा एखादा धनिक दिंडीला अन्नदान करतो, सप्ताहाचा मंडप देतो, आणि आपण व्यासपीठावर त्यास शाल-श्रीफळ देतो. दान चांगले. पण दानाने दोष फिटत नाही. रात्री नाल्यात विष सोडायचे आणि सकाळी वारकऱ्यांना जेवू घालायचे, हे अन्नदान नव्हे. ती तोंड बंद करण्याची किंमत आहे. दिंडीप्रमुखांनी, फडकऱ्यांनी आणि आम्हा कीर्तनकारांनी पंगत बसण्याआधी एवढे विचारावे की, तुमचे पाणी कोठे जाते? हा प्रश्न विचारल्याने एखादी पंगत कमी झाली तर पिठलं-भाकरीवर वारी अडत नाही.

आता निर्णय. धर्मशास्त्र सांगते की, प्रजेचे रक्षण करणाऱ्या राजाला प्रजेच्या पुण्याचा सहावा वाटा मिळतो, आणि रक्षण न करणाऱ्यास पापाचा सहावा वाटा येतो. पूर्वी राजा एक होता. आज राजा कोण? जो मत देतो तो. मतपेटीपुढे उभा राहिलेला प्रत्येक वारकरी हा राजाचा अंश आहे. तेव्हा सरकारने नदी राखली नाही, तर तो सहावा वाटा केवळ मंत्रालयात थांबत नाही; आपल्या उंबरठ्यापर्यंत येतो. शिवाय घटनेच्या १९७६ च्या दुरुस्तीने नद्यांचे रक्षण हे प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य म्हणून लिहून ठेवले आहे. सारांश, नदीचा धनी कोणी नाही. सरकार विश्वस्त आहे आणि आपण त्या विश्वस्ताला नेमणारे. अधिकार दुसऱ्याकडे सोपवता येतो, दोष सोपवता येत नाही.

म्हणून दोन कामे करावीत. एक सरकारकडे मागायचे, दुसरे स्वतः करायचे. सरकारकडे फुले उधळण्याची मागणी नको. देहू, आळंदी आणि पंढरपूर येथील घाटांवर पाण्याच्या तपासणीचे आकडे दर आठवड्याला मराठीत, मोठ्या अक्षरांत फळ्यावर लिहा, म्हणजे स्नान करावे की नुसते दर्शन घ्यावे हे म्हाताऱ्या बाईलाही कळेल. उगमापासून संगमापर्यंत इंद्रायणीला जाब देणारे एकच खाते नेमा. शुद्ध न केलेला एकही नाला नदीत येऊ देऊ नका. पुढारी पालखीच्या दर्शनाला येतात. हात जोडून, नम्रपणे, पण दर वर्षी न चुकता हेच तीन प्रश्न त्यांना विचारावेत. वारकऱ्याइतका नेमाचा माणूस दुसरा नाही. तो हाच नेम धरील, तर कोणतेही सरकार फार काळ गप्प बसू शकणार नाही.

आणि स्वतः काय करायचे? माळ घालताना आपण मद्यमांस वर्ज्य करतो, एकादशी धरतो. त्यातच एक नेम वाढवावा. नदीत साबण लावणार नाही. जुने कपडे, निर्माल्य, द्रोण-पत्रावळी, प्लॅस्टिकची पिशवी पाण्यात सोडणार नाही. वाळवंट भजनासाठी आहे, बहिर्दिशेसाठी नाही. प्रत्येक दिंडीने मुक्काम हलवण्यापूर्वी वीणेकऱ्याच्या देखत जागा झाडावी आणि मगच पाऊल उचलावे. याला पैसा लागत नाही, कोणाची परवानगीही लागत नाही.

विटेवर उभा असलेला तो आपल्याकडे काही मागत नाही. पण त्याच्या पायांशी जे पाणी पोहोचते ते आपल्या हातून गेलेले आहे, एवढे ध्यानात ठेवून यंदाच्या वारीला निघावे. ते निर्मळ पोहोचवण्याची बुद्धी तोच आपणा सर्वांना देवो.

रामकृष्ण हरी.